कोकणात फोटो छापून घेताना : आधी पाच द्या, मग पाचशे

गणपतीच्या तोंडावर घराला रंग काढायचा म्हणून ओटीवरच्या फ्रेमा खाली उतरवल्या. आजोबांचा काळा-पांढरा फोटो कडेला थोडा पिवळा पडला होता, बाकी शाबूत. शेजारचा बहिणीच्या लग्नातला रंगीत फोटो जेमतेम आठ वर्षांचा. तो काचेला असा चिकटला होता की सोडवताना भावोजींचं अर्धं कपाळ काचेवरच राहिलं. दोन्ही फोटो एकाच भिंतीवर, एकाच ओलीत वाढलेले. एक कशावर छापला होता, दुसरा कशावर, आणि फ्रेमवाल्याने काच व फोटो यांच्यात जागा सोडली होती की नाही, एवढाच काय तो फरक.

तेव्हापासून मी फोटो छापायला देताना दर शेवटी विचारतो. कुडाळ-कणकवलीकडे राहणाऱ्याला आज तीन वाटा आहेत: बाजारपेठेतला स्टुडिओ, मोठ्या शहरातली कलर लॅब आणि घरबसल्या ऑनलाइन. तिन्हीकडे चांगलं काम होतं आणि तिन्हीकडे पैसे पाण्यात जातात. कुठे काय द्यायचं हे ओळखायची माझी रीत पुढे सांगतो.

आधी घरी बसून ठरवायचं

फोनमध्ये सात हजार फोटो असतात, त्यातले छापण्याजोगे दीडशे. ते वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि प्रत्येकाचं काय करायचं ते लिहून ठेवा: अल्बममध्ये, भिंतीवर की कुणाला भेट. कारण सेवा त्यावर ठरते. अल्बमच्या शंभर फोटोंना जवळची लॅब पुरते. भिंतीवरचा एक मोठा फोटो मात्र चार ठिकाणी विचारून द्यावा, कारण तो रोज नजरेसमोर असणार.

मग मापं. इथे बहुतेक लोक फसतात, आणि दोष दुकानदारावर जातो. फोनचा फोटो साधारणपणे ४:३ प्रमाणातला असतो. पोस्टकार्ड साइज म्हणजे ४×६ इंच हे प्रमाण ३:२. सहा इंच रुंदी पूर्ण घेतली तर फोनच्या फोटोची उंची साडेचार इंच होते, कागद मात्र चारच इंच. अर्धा इंच कुठून तरी कापला जाणार. यंत्राला काय कळतं? ते वरून-खालून सारखं कापतं, आणि गणपतीच्या मखराचा कळस जातो किंवा मागे उभ्या असलेल्या काकांची टोपी. त्यामुळे एकतर स्वतः कापून द्या किंवा ६×८ मागा, ते माप ४:३ मध्ये बरोबर बसतं. तिसरा उपाय म्हणजे ‘पूर्ण फोटो घ्या, बाजूला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल’ असं स्पष्ट लिहून देणं.

पिक्सेलचा हिशोब तोंडी करता येतो. इंचाला ३०० पिक्सेल असतील तर छपाई उत्तम, २००ला चांगली, १५०च्या खाली गेलं की हातात घेऊन बघताना फोटो मऊ दिसू लागतो. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो सुमारे ४०००×३००० पिक्सेलचा. म्हणजे १२×१८ इंचाला इंचामागे २२० च्या आसपास पडतात. भिंतीवर लावायला बिनधास्त. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने फिरून आला असेल तर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. त्यातून ४×६ नीट निघेल. ८×१२ काढाल तर इंचाला १३३ पिक्सेल. चाकरमानी भाऊ मुंबईला परत गेला आणि ग्रुपवर फोटो टाकून मोकळा झाला, की त्याला फोन करा: ‘अरे, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ड्राइव्हची लिंक दे.’ २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एचडीचा पर्याय आहे, तोही साध्यापेक्षा बरा. पण मूळ फाइल ती मूळ फाइल.

आयफोनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१७ पासून हे फोन एचईआयसी नावाच्या प्रकारात फोटो साठवतात आणि दुकानातला जुना संगणक ते उघडतच नाही. आधीच जेपीईजीमध्ये बदलून न्या. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केलं की पुढचे फोटो जेपीईजीतच येतील. मोठ्या कॅमेऱ्यावर काढणाऱ्यांनी रंगांची प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग कसे वाचायचे ती खूण, एसआरजीबी ठेवावी. अ‍ॅडोबी आरजीबीतली फाइल साध्या लॅबमध्ये दिली तर भाताची शेतं फिक्कट, आजाऱ्यासारखी येतात.

कोणत्या यंत्रावर छापतात?

हा प्रश्न विचारायला लाजू नका. मासळीबाजारात आपण कल्ला उचलून बघतोच की.

पहिला प्रकार खऱ्या फोटो पेपरचा. लेझरने कागदावर उजेड टाकतात, मग कागद रसायनांतून जातो, धुतला जातो, वाळतो. नोरित्सू किंवा फुजी फ्रंटियर ही नावं ऐकलीत तर बहुधा हेच. अशा कागदाच्या मागे सहसा कंपनीचं नाव फिकट छापलेलं असतं आणि भिंगातून पाहिलं तर ठिपके दिसत नाहीत. अल्बमच्या फोटोंसाठी माझी पहिली पसंती हीच: दर बरा, टिकाऊपणा चांगला. पण एक मेख आहे. रसायनं ताजी राहायला यंत्र रोज भरपूर चाललं पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात लग्नं नाहीत, काम नाही, रसायन टाकीत बसून राहतं आणि फोटोंवर रंगाची झाक चढू लागते. म्हणून ‘रोज किती प्रिंट निघतात?’ हे विचारायचं. कमी काम असलेली जवळची लॅब असेल तर दिवाळीनंतर, लग्नसराई सुरू झाल्यावर द्या.

दुसरा प्रकार डाय-सब्लिमेशनचा. पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत निघतात ते बहुतेक याच यंत्रावर. रिबनवरचा पिवळा, गुलाबी, निळा रंग उष्णतेने कागदावर उतरतो आणि वर पारदर्शक थर बसतो. हा थर ओल्या हाताला, घामाला दाद देत नाही, त्यामुळे आमच्या हवेला हा प्रकार वाईट नाही. मापं मात्र मर्यादित.

तिसरा इंकजेट. इथे एकाच नावाखाली दोन टोकं आहेत. पिगमेंट शाईचा (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचा) मोठा प्रिंटर आणि चांगला जाड कागद असेल तर भिंतीवरच्या मोठ्या फोटोला त्याला तोड नाही. उलट, टेबलावरचा छोटा प्रिंटर, बाटलीतून भरलेली स्वस्त शाई आणि झेरॉक्सच्या दुकानातला चकचकीत कागद, यातून निघालेला फोटो दोन पावसाळ्यांत काळ्याच्या जागी तपकिरी दिसतो. शाई कोणती, कंपनीची की भरलेली, हे थेट विचारा. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर शाईच्या नळ्या बुजतात आणि फोटोवर बारीक आडव्या रेघा येतात. आकाश आणि समुद्राच्या फोटोत त्या लगेच उघड्या पडतात.

चौथा प्रकार डिजिटल प्रेसचा. फोटोबुक, कॅलेंडर आणि सध्याचे बरेच लग्नाचे अल्बम यावर होतात. न फाटणारी शीट म्हणून दाखवतात ती सहसा हीच. पुस्तकाला छान, सुट्या फोटोला मी घेत नाही, कारण भिंगातून ठिपके दिसतात आणि आजीच्या गालावरची छटा सपाट होते.

आणि फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकांचं ते प्लास्टिकच वेगळं, ते घरात लावू नये.

तीन वाटा, तीन स्वभाव

गावातल्या स्टुडिओचा मोठा गुण म्हणजे समोरासमोर बोलता येतं, रंग चुकला तर तिथल्या तिथे परत काढून मागता येतो. अवगुण म्हणजे बरेच स्टुडिओ स्वतः छापत नाहीत. फाइल कोल्हापूर, बेळगाव नाहीतर मुंबईच्या लॅबला पाठवतात आणि वर आपली मजुरी लावतात. त्यात गैर काही नाही, पण माहीत असावं. ‘इथेच काढता की बाहेर पाठवता?’ एवढं विचारलं की पुढचं बोलणं खरं होतं. बाहेर पाठवत असतील तर लॅबचा माणूस तुमची सूचना वाचणार का, हा पुढचा प्रश्न.

शहरातल्या लॅबला थेट देणं पाचशे फोटोंच्या वर परवडतं. दहा फोटोंसाठी अर्धा दिवस एसटीत घालवण्यात अर्थ नाही.

ऑनलाइनचं गणित वेगळं. एका फोटोचा दर पाहून भुलू नका. समजा एक ठिकाणी ६ रुपये दर आणि पाठवणावळ १२०. दुसरीकडे दर ९ रुपये आणि पाठवणावळ नाही. चाळीस फोटोंना दोन्ही सारखेच ३६० पडतात. त्याच्या आत दुसरं स्वस्त, त्यावर पहिलं. ऑर्डर देण्यापूर्वी चार गोष्टी तपासतो: आपल्या पिनकोडला पार्सल दारात येतं की तालुक्यातून आणावं लागतं, कापणी कुठे होणार ते आधी दिसतं का, कमी पिक्सेलची फाइल टाकली तर साइट इशारा देते का, आणि आपोआप रंगसुधारणा बंद करता येते का. चौथी गोष्ट नसेल तर मी तिथून निघतो.

कारण ती आपोआप सुधारणा हे आमच्या भागातलं मोठं दुखणं आहे. एका दुकानात मी आईचे शेतातले फोटो दिले होते. लावणीतून नुकतीच वर आलेली, उन्हाने रापलेली, तोंडभर हसणारी. परत आले ते पावडर लावल्यासारखे. गालावरच्या सुरकुत्या गेल्या, नाकावरचा घाम गेला. दुकानदार कौतुकाने म्हणाला, ‘चांगला करून दिला ना?’ माझ्या मागे उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांच्या हातातही फोटो होता, ते पटकन म्हणाले, ‘माझी आवस (आई) काळीच होती, तशीच ठेव रे बाबा.’ हे वाक्य मी आता थोडं बदलून पाकिटावर लिहूनच देतो: रंग गोरा करू नये, चेहरा गुळगुळीत करू नये, फाइल आहे तशी छापावी.

पाच फोटोंची परीक्षा

आता मुख्य काम. पाचशे फोटो द्यायच्या आधी पाच फोटो निवडा आणि हेच पाच प्रत्येक ठिकाणी त्याच मापात, त्याच कागदावर छापून घ्या. दोन-तीन ठिकाणी मिळून दोनशे-अडीचशे रुपयांच्या आत काम होतं.

पहिला, सावलीत काढलेला चेहरा. त्वचेचा रंग घरच्या माणसाइतका कुणाला ओळखता येत नाही. दुसरा, जांभ्याची भिंत किंवा लाल मातीचा रस्ता, आणि शेजारी भाताची हिरवळ. यंत्राचा कल लालाकडे असेल तर जांभा शेंदरी होतो, हिरव्याकडे असेल तर तो चॉकलेटी. तिसरा, उन्हातलं पांढरं: धोतर, चुन्याची भिंत, मोगऱ्याचा गजरा. पाकळ्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत, नुसता पांढरा गोळा नको. चौथा अंधारातला; माझ्याकडे दशावताराच्या रात्रीचा आहे, मागे काळोख आणि पुढे राजाचा जरीचा अंगरखा. मागच्या बाकावरच्या माणसांची डोकी फाइलमध्ये दिसत होती, ती छपाईत बुडली की नाही ते कळतं. पाचवा सगळ्यात गुणी: कुठलाही फोटो फोनवरच काळा-पांढरा करून द्या. करड्या रंगात निळी, हिरवी किंवा जांभळी झाक दिसली तर त्या यंत्राची किंवा रसायनाची घडी बिघडली आहे, दुसरा पुरावा नको.

हे पाच एका दिवशी छापून घ्या, आठवड्याने त्यातले दोन पुन्हा. दोन्ही वेळचे सारखे आले तर लॅब भरवशाची. लग्नाचे निम्मे फोटो सोमवारी आणि निम्मे गुरुवारी निघाले आणि नवरीचा शालू दोन रंगांचा झाला, असं होतं.

फोटो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पास करू नका. घरी आणा, सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी, पण थेट उन्हात नाही, असे ओळीने मांडा. फोनच्या पडद्याशी तुलना करायचीच असेल तर पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा. पूर्ण उजेडातल्या पडद्यापुढे कुठलाही कागद मळकटच दिसणार. फोटो मागून कोणत्या दुकानाचा ते न बघता घरातल्यांना पसंत करायला सांगा. आमच्याकडे सगळ्यात महागडा एकदा शेवटी आला होता.

नंतर ओलीची कसोटी. नको असलेल्या एका प्रिंटच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका, पाच मिनिटांनी टिपून घ्या. स्वस्त शाईचा रंग तिथे फुटतो. दुसरी प्रिंट अर्धी काळ्या कागदाने झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत चिकटवा. झाकलेली आणि उघडी बाजू शेजारी ठेवली की रंग किती उडतो ते दिसतं. जून ते सप्टेंबर हे करायला सगळ्यात बरा काळ. ऊन थोडं कमी पडतं, पण ओल फुकट मिळते.

कागद आणि लॅमिनेशन

चकचकीत कागद हातात घेतल्यावर छान वाटतो, पण बोटांचे ठसे धरतो आणि दमटपणात काचेला, शेजारच्या फोटोला चिकटतो. आमच्या हवेला मॅट किंवा बारीक दाणेदार, ज्याला सिल्क किंवा लस्टर म्हणतात, तो कागद मी घेतो. भिंतीवरच्या फोटोला लॅमिनेशन करून घ्यावं, पण कडा नीट बंद आहेत का पाहावं. कडेतून ओल शिरली की आत पांढरे फुगे. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, चिकटवून देतो म्हणाले तर मागची बाजू आणि कडा उघड्या सोडलेल्या नाहीत ना, ते बघा. तो भुसा पाणी पितो आणि फुगतो.

घाईचा फोटो

सगळ्यात घाईत छापला जातो तो गेलेल्या माणसाचा फोटो. तेराव्याला हार घालायचा असतो, घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि शोधता शोधता कुणाच्या तरी बारशाचा बारा जणांचा ग्रुप फोटो सापडतो. त्यातला चेहरा जेमतेम २५० पिक्सेल रुंद. ८×१२च्या फोटोत तो चार इंचांचा करायचा म्हणजे इंचाला कसेबसे साठ पडतात. मग दुकानदार एआयने ‘क्लिअर’ करून देतो. डोळे चमकतात, दात सरळ होतात, आणि फ्रेममध्ये आपल्या माणसासारखा दिसणारा कुणीतरी दुसराच बसतो.

अशा वेळी माप लहान करा. ५×७ मध्ये, चेहऱ्याबरोबर खांदे आणि थोडी मागची जागा ठेवून घेतलेला मऊसर फोटोही खरा दिसतो. घरात जुनी छापील प्रत असेल तर तिचा फोनने फोटो काढण्यापेक्षा स्टुडिओत ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या. आणि कुणाला बोलायला अवघड वाटलं तरी सांगतो: घरातल्या वडीलधाऱ्यांचा एकेक चांगला फोटो, खिडकीच्या उजेडात, आजच काढून मूळ फाइल जपून ठेवा.

लग्नाचा अल्बम

इथे एकच गोंधळ सांगतो, बाकी तुमचा फोटोग्राफर सांगेल. १२×३६चा अल्बम ठरवताना ‘चाळीस’ म्हणजे पानं की शीट हे कागदावर लिहून घ्या. एक शीट उघडली की दोन पानं होतात, त्यामुळे चाळीस पानं म्हणजे वीसच शीट. भावकीत यावरून अबोला धरलेला मी पाहिला आहे. छापण्यापूर्वी सगळ्या शीटचं डिझाइन फोनवर मागवा, नावांचं स्पेलिंग आणि मधल्या घडीत कुणाचा चेहरा अडकला नाही ना, एवढं दोघांनी बसून पाहा.

देताना आणि घेताना

पेनड्राइव्ह नवा किंवा रिकामा न्या, त्यात फक्त छापायचे फोटो ठेवा. दुकानातल्या संगणकांतून व्हायरस घरी येतात आणि आपले खाजगी फोटो तिथे राहतात, दोन्ही टाळता येतं. तिथे व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलंत तर निघताना लॉगआउट करा. काम झाल्यावर फाइल पुसायला सांगा. चांगला दुकानदार समोरच पुसतो.

बिलावर माप, कागद, संख्या आणि ‘रंग सुधारू नये’ हे लिहून घ्या. खराब छपाई परत घेणार नाही असं कुणी म्हणालं तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याची आठवण द्या. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मला अजून तिथवर जावं लागलेलं नाही, पाकिटावरचं लिखाण दाखवलं की बहुतेक जण मुकाट्याने परत काढून देतात.

पार्सल येणार असेल तर तारीख बघून मागवा. जुलैत करूळ नाहीतर आंबोली घाटात दरड आली की ‘दोन दिवसांत’चे आठ होतात, आणि ते आठ दिवस तुमचे फोटो कुठल्या तरी ओल्या गोदामात असतात. मोठे फोटो गुंडाळीत न मागता पुठ्ठ्यात सपाट आणि आतून प्लास्टिकमध्ये बंद मागवा. उघडताना फोनवर व्हिडिओ घ्या. कोपरा दुमडलेला निघाला तर तोच तुमचा पुरावा.

घरी आल्यावर

फ्रेम करायला देताना काच आणि फोटो यांच्यात माउंटबोर्डची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, चौकट घालायला सांगा. थोडे पैसे जास्त जातात, पण भावोजींचं कपाळ वाचतं. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाचा मारा लागतो, तिथे लावू नका. आतली भिंत बघा आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळेल.

अल्बमची पानं पीव्हीसीची नकोत. वास मारणारं, हाताला चिकट लागणारं प्लास्टिक तेच. पॉलिप्रॉपिलीनचे खिसे घ्या. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की वाळवून परत वापरा. डांबरगोळ्या फोटोंजवळ ठेवू नका. ऑक्टोबरच्या उन्हात कपाट उघडून अल्बम सावलीत दिवसभर हवेवर ठेवतो, आमच्याकडे हा घटस्थापनेनंतरचा ठरलेला कार्यक्रम आहे. मागे नाव-तारीख लिहायला मऊ ६बी पेन्सिल घ्या. बॉलपेनचा उठाव पुढच्या बाजूला येतो.

चिपळूणच्या काकूकडे २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. कपाटातले सगळे अल्बम चिखलाची एकेक वीट होऊन बाहेर आले. नंतर मुलांच्या फोनमधून आणि नातेवाइकांकडून फाइल गोळा करून आम्ही तिला एकशे दहा फोटो नव्याने छापून दिले, आणि तेव्हाच ठरवलं की महत्त्वाच्या फोटोंचे दोन संच काढायचे, एक इथे आणि एक घाटावर. आमचा दुसरा संच कोल्हापूरला मामेबहिणीकडे आहे. दर दिवाळीला ती आठवण करून देते, की आमच्यामुळे तिच्या कपाटाची एक फळी अडली आहे.